डेड फोनमधले बारीक कनेक्टर : ओळख, मोजमाप आणि टाके

दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात काउंटरखाली डेड सेटचा एक डबा असतोच. कुणाचा बोर्ड पाण्यात गेलेला, कुणाचा सीपीयू बसलेला, कुणाचं फोल्डर, म्हणजे काचेसकट पडदा, फुटलेलं. बोर्ड मेला म्हणून त्याच्यावरचं सगळं मरत नाही. रिंगर (मोठ्या आवाजाचा स्पीकर), व्हायब्रेटर, फ्लॅश, चार्जिंगचा सबबोर्ड (जॅकचा वेगळा छोटा बोर्ड), धडधाकट बॅटरी आणि बोर्डावरचे कनेक्टर यांत बराच जीव उरलेला असतो. अडतं ते जोडणीशी. हे भाग तांदळाच्या दाण्याएवढ्या कनेक्टरने जोडलेले असतात आणि त्यातल्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतं. हा लेख त्या कनेक्टरचा आहे.

आधी सरळ सांगायचं तर फोनचं फोल्डर किंवा कॅमेरा काढून स्वतःच्या सर्किटला लावण्याच्या नादी लागू नका. त्यांच्या कनेक्टरवर वेगवान डेटाच्या जोड्या असतात, चालू होण्याचा क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि त्याचे कागद बाहेर मिळत नाहीत. सोल्डरचे टाके कितीही सुबक दिले तरी पडदा काळाच राहतो. फोल्डर आणि कॅमेरा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनला लावण्यासाठी जपून ठेवा.

डेड सेट विकत घेत असाल तर सिम ट्रेवर किंवा खोक्यावर असलेला १५ अंकी आयएमईआय आधी तपासा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा संदेश १४४२२ वर पाठवला की तो नंबर ब्लॉक केलेला आहे का ते कळतं. चोरीच्या मालाचं भंगारसुद्धा अंगाशी येतं.

टेबलावर काय हवं

मायक्रोस्कोप हवाच. ७ ते ४५ पट मोठं दाखवणारा दोन डोळ्यांचा असेल तर उत्तम. नवशिक्याला पडद्यावर दिसणारा डिजिटलही चालतो, मात्र त्यात हात आणि चित्र यांच्यात किंचित उशीर असतो, त्याची सवय करावी लागते. हॉट एअरची एसएमडी मशीन, बारीक आणि सुरी अशा दोन टोकांची तापमान ठरवता येणारी इस्त्री (सोल्डरिंग आयर्न), ०.३ मिमीची ६३/३७ (कथील-शिसं) सोल्डर वायर, चांगला नो-क्लीन फ्लक्स, १.५ मिमीची डीसोल्डर विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी), ०.१ मिमीची एनॅमल जंपर वायर, कॅप्टन (उष्णता सोसणारी) टेप, यूव्ही मास्क (यूव्ही दिव्याखाली सुकणारा लेप), ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), सुईच्या टोकाचे प्रोब असलेला मल्टिमीटर आणि डिजिटल व्हर्निअर. करंट मर्यादा लावता येणारा डीसी सप्लाय असेल तर चुका स्वस्तात पडतात.

फ्लक्सच्या नावाखाली डबीतली पिवळी घट्ट पेस्ट वापरू नका. ती पंख्याच्या आणि रेडिओच्या जाड तारांसाठी ठीक आहे. त्यातलं आम्ल मागे राहिलं की सहा महिन्यांत पिना हिरव्या पडतात. आणि पीपीडी म्हणजे फ्लक्स नव्हे. ते कथलाच्या बारीक गोळ्या मिसळलेलं सोल्डर आहे आणि त्याचं काम वेगळं.

कनेक्टरच्या जाती

फोनमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो बीटूबी (बोर्ड-टू-बोर्ड), म्हणजे बटणासारखा टक करून बसणारा दोन भागांचा कनेक्टर. एक भाग बोर्डावर, दुसरा फ्लेक्सच्या, म्हणजे वाकणाऱ्या पातळ पट्टीच्या, टोकाला. मधोमध उंचवटा आणि भोवती खंदक असलेला सॉकेट, तर त्या खंदकात उतरणारा प्लग. पिनांच्या दोन रांगा समोरासमोर असतात. पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर, बहुतेक वेळा ०.४ किंवा ०.३५ मिमी. हिरोसे, मोलेक्स, पॅनासॉनिक, जेएई या कंपन्या ते बनवतात आणि यांतले पुष्कळ प्रकार सुटे विकतही मिळतात. रास्पबेरी पायच्या कॉम्प्युट मॉड्यूल ४ खाली १०० पिनांचे दोन कनेक्टर आहेत, तेही याच जातीचे : हिरोसेचे डीएफ४०, पिच ०.४ मिमी.

दुसरा झिफ, म्हणजे जोर न लावता पट्टी घालायचा कनेक्टर. यात फ्लेक्सचं उघडं टोक आत सरकवायचं आणि काळी किंवा पांढरी पापणी पाडून ते दाबायचं. पिच ०.५ किंवा ०.३ मिमी. फ्लेक्सच्या टोकाची जाडी साधारण ०.२ किंवा ०.३ मिमी असते आणि ती जुळली नाही तर पापणी मिटूनही संपर्क होत नाही. पापणी नखाने वर करायची, चिमट्याने नाही. झिफ निकामी होतो तो बहुतेक वेळा पापणीची बिजागरी तुटून.

तिसरा अँटेनाच्या वायरचा गोल कनेक्टर. तो वायर धरून ओढायचा नसतो, डोक्याखाली चिमट्याचं टोक घालून सरळ वर उचलायचा. असे कनेक्टर साधारण ३० वेळा लावण्या-काढण्यासाठीच बनवलेले असतात, त्यामुळे उगाच खेळू नये. चौथा प्रकार तर कनेक्टरच नाही. रिंगर किंवा व्हायब्रेटरखालच्या पितळी स्प्रिंगा बोर्डावरच्या सोनेरी पॅडवर टेकतात, एवढंच. तिथे थेट वायर जोडून मोकळं व्हा.

मोजमाप

मोजताना पहिली चूक पिनांच्या संख्येची होते. बीटूबीच्या चारही कोपऱ्यांत जे रुंद पत्रे दिसतात ते बऱ्याचदा नुसते कनेक्टर घट्ट धरणारे खिळे असतात. काही मॉडेलमध्ये, विशेषतः बॅटरीच्या कनेक्टरमध्ये, तेच पत्रे जास्त करंट वाहणारे पॉवर संपर्कही असतात. म्हणून लिहिताना "३० अधिक ४" असं वेगळं लिहा आणि मीटरने ते चार कुठे जातात ते पाहा.

दुसरी चूक भागाकाराची. एका रांगेत १५ पिना असतील तर त्यांच्यामध्ये जागा १४च असतात. पहिल्या पिनच्या मध्यापासून शेवटच्या पिनच्या मध्यापर्यंत ५.६ मिमी भरलं तर ५.६ भागिले १४, म्हणजे ०.४. हेच चुकून १५ने भागलं की उत्तर येतं ०.३७ आणि माणूस ०.३५चा कनेक्टर मागवून बसतो. ०.३५च्या पिचला तीच लांबी ४.९ मिमी भरली असती.

व्हर्निअर कनेक्टरच्या अंगावर नीट टेकत नसेल तर साधा फ्लॅटबेड स्कॅनर वापरा. १२०० डीपीआयवर स्कॅन केलं की १ मिमीत सुमारे ४७ पिक्सेल येतात. वरच्या उदाहरणातली १५ पिनांची रांग ०.४ पिचला २६५ पिक्सेलच्या आसपास, तर ०.३५ला २३१ पिक्सेलच्या आसपास भरते. इतका फरक कुणालाही दिसतो. सुटा काढलेला कनेक्टर पाय खाली करून काचेवर टेकवायचा, पाय वर राहिले तर चित्र धूसर येतं.

पिच आणि संख्या जुळली तरी काम संपत नाही. जोडल्यावरची उंची आणि कनेक्टरची रुंदी हीसुद्धा जुळावी लागते. फोनमधले बीटूबी जोडल्यावर बहुधा १ मिमीच्या आतच असतात आणि ०.६ चा प्लग ०.८ च्या सॉकेटमध्ये घातला तर बसल्यासारखा वाटतो, पण निम्म्या पिना टेकत नाहीत. खरी जोडी अंगठ्याच्या हलक्या दाबाने बसते आणि टक वाजते. जोर लावावा लागला की थांबायचं. जोडी चुकीची आहे किंवा खंदकात काहीतरी अडकलंय. परभणी-जालन्याकडे जिनिंगच्या परिसरात वापरलेल्या फोनमध्ये कापसाची तूस खंदकात दाबून बसलेली असते. ती आयपीए लावलेल्या मऊ ब्रशने काढा, सुईने खरवडू नका. पिनवरचा सोन्याचा थर अगदी पातळ असतो, तो गेला की खालचा धातू गंजतो.

यावरून एक सवय लावून घ्या. कनेक्टर कधी एकटा काढायचा नाही. डेड सेटमध्ये त्याचा जोडीदार हमखास असतो, एक बोर्डावर आणि एक फ्लेक्सवर. दोन्ही मिळून एकच वस्तू समजा. नवा जोडीदार शोधण्यात आठवडा जातो आणि तो डब्यात पडलेला असतो.

कोणती पिन कशाची

मॉडेलचा स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) किंवा बोर्डव्ह्यू (बोर्डावरच्या भागांचा नकाशा) मिळाला तर अर्धं काम तिथेच झालं. नाही मिळाला तर मीटर आहे. बॅटरी काढा. मीटर डायोड मोडवर ठेवा, लाल प्रोब शिल्डवर (धातूच्या झाकणावर) म्हणजे ग्राउंडवर आणि काळा एकेका पिनवर. शून्य आलं तर ती ग्राउंड. साधारण ०.३ ते ०.७ आलं तर पिन कुठल्या तरी आयसीला जाते. ओएल (जोडणीच नाही) आलं तर पिन रिकामी आहे किंवा मधला रस्ता तुटलाय. एकाच वाचनाच्या तीन-चार पिना शेजारीशेजारी असतील आणि त्या आपसात बीप देत असतील तर ती बहुधा पॉवर लाइन. जास्त करंट वाहायचा म्हणून तिला अनेक पिना दिलेल्या असतात. एक-दोन जागा सोडून येणाऱ्या जोड्या आणि दोन्ही बाजूंनी ग्राउंड असा नमुना दिसला तर तो वेगवान डेटा. त्याच्या वाट्याला जाऊ नका.

पिनांचे क्रमांकही गृहीत धरू नका. काही चित्रांत एका रांगेत विषम आणि समोर सम अंक असतात, तर काहींत क्रम वळसा घालून येतो. बोर्डावर १ किंवा टिंब छापलेलं असेल ते पकडा. काहीच नसेल तर स्वतःचा नकाशा काढा आणि त्याचा फोटो ठेवा.

नमुना म्हणून टाइप-सी चार्जिंगचा सबबोर्ड घेऊ. याच्या एका टोकाला चार्जिंग जॅक, दुसऱ्या टोकाला मेन बोर्डाकडे जाणारा बीटूबी, शेजारी माइक. जॅकमध्ये थेट प्रोब घालून पिना वाकवण्यापेक्षा टाइप-सीचा ब्रेकआउट प्लग (बारीक पिना मोठ्या पॅडवर बाहेर काढलेला) आणा, तो त्यात खोचा आणि त्याच्या मोठ्या पॅडपासून बीटूबीच्या पिनांपर्यंत बीप शोधा. पहिल्यांदा व्हीबस, म्हणजे चार्जरकडून येणारी पॉवर लाइन. ती तीन-चार किंवा जास्त पिनांवर सापडेल. मग ग्राउंड. मग डेटाच्या डी प्लस, डी मायनस आणि शेवटी जोडणी ओळखणाऱ्या सीसी१, सीसी२. उरलेल्या पिनांमधल्या काही माइकच्या, काही अँटेना ओळखण्याच्या आणि काही रिकाम्या. सीसी१ऐवजी भलत्याच पिनवर बीप आला तर प्लग उलटा करून पुन्हा मोजा. टाइप-सी दोन्ही बाजूंनी बसतो, पण सीसीच्या पिना दोन बाजूंना वेगळ्या असतात.

या सबबोर्डाबद्दल कायम येणारी तक्रार म्हणजे जुना ए-टू-सी केबल लावला की ५ व्होल्ट मिळतात, पण दोन्हीकडे सी असलेला केबल लावला की काहीच येत नाही. सबबोर्ड खराब नसतो. समोर उपकरण आहे हे सी चार्जरला सीसी पिनवरच्या रेझिस्टरवरून कळतं आणि फोनमध्ये ते काम मेन बोर्डावर होतं. तुमच्याकडे मेन बोर्ड नाही. म्हणून सीसी१ ते ग्राउंड ५.१ किलोओहम आणि सीसी२ ते ग्राउंड दुसरा ५.१ किलोओहम लावा. दोन वेगवेगळे. एकच रेझिस्टर दोघांत वाटून दिला तर चिप असलेले केबल चालत नाहीत. २०१९च्या पहिल्या रास्पबेरी पाय ४ बोर्डांत नेमकी हीच चूक होती, तेव्हा आपलं चुकलं तर फार लाज वाटून घ्यायची गरज नाही.

कनेक्टर काढायचा की नाही

जमेल तिथे काढू नका. टाका द्यायची जागा बदला. फ्लेक्सवर कनेक्टरपासून थोड्या अंतरावर टेस्ट पॉइंटचे गोल पॅड असतात, किंवा रेषा रुंद होतात. तिथलं वरचं आवरण ब्लेडने १ मिमी खरवडलं की खाली तांबं दिसतं. तिथे वायर जोडणं ०.४ पिचच्या पायांवर झटापट करण्यापेक्षा कितीतरी सोपं. रिंगर, व्हायब्रेटर आणि फ्लॅशला हेच करावं. कनेक्टर काढण्याची खरी गरज दोनच ठिकाणी पडते. चालू फोनच्या बोर्डावरचा मोडलेला कनेक्टर बदलताना, आणि तयार ब्रेकआउट बोर्डावर जोडीदार बसवताना.

काढताना

फोनचा कारखान्यातला टाका शिसेविरहित असतो आणि तो २१७ ते २२० अंशांना वितळतो. आपली ६३/३७ वायर १८३ला. म्हणून कनेक्टरच्या पायांवर आधी थोडं ६३/३७ फिरवून मिसळलं की कमी उष्णतेत काम होतं. पण इथेच मोठा धोका आहे. जास्त सोल्डर किंवा जास्त फ्लक्स झाला की सोल्डर पायावरून वर चढून संपर्काच्या खंदकात जातं आणि तो कनेक्टर कायमचा गेला. तेव्हा वायर अगदी थोडी, आणि टोक पायाच्या बाहेरच्या बाजूलाच.

मग आजूबाजूचे कनेक्टर, माइक आणि बारीक भाग कॅप्टन टेपने झाका. ६ ते ८ मिमीचं नोझल, हवा कमी ते मध्यम, तापमानाचा आकडा ३५० ते ३६०. पहिले अर्धा मिनिट नोझल ३-४ सेंटिमीटर उंच धरून सगळा भाग गरम होऊ द्या. खालून १०० ते १२० अंशांचा प्रीहीटर असेल तर आणखी चांगलं. मग १ ते १.५ सेंटिमीटरवर येऊन कनेक्टरच्या दोन्ही रांगांवर गोल फिरवत राहा. एका जागी थांबू नका. साधारण ३० ते ४० सेकंदांनी चिमट्याने बाजूने हलका धक्का द्या. कनेक्टर तरंगल्यासारखा सरकून जागेवर परत आला तर उचला. सरकला नाही तर अजून वाट पाहा. ओढला तर पॅड उपटून येतात. फ्लेक्सवरचे तर हमखास.

मशीनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. ३५० दाखवणारी एक मशीन खरंच ३५० देते, दुसरी ३०० सुद्धा देत नाही. कामाच्या आधी एका भंगार बोर्डावर शिसेविरहित टाका किती सेकंदांत वितळतो ते पाहा आणि तो आकडा मशीनवर चिकटवून ठेवा.

प्लास्टिक चमकायला लागलं, कडा गोल झाल्या किंवा मधला उंचवटा वाकला तर तो कनेक्टर टाकून द्या. वरून चांगला दिसला तरी त्याच्या पिना आता एका पातळीत नसतात. आणि गरम बोर्डावर आयपीए ओतू नका. मिनिटभर आपोआप थंड होऊ द्या, मग पुसा.

फ्लेक्सवर काम असेल तर अजून एक अडचण आहे. फ्लेक्सच्या थरांत ओल मुरते आणि अचानक ३००च्या वर नेलं की वाफ होऊन फोड येतात. पावसाळ्यात किंवा कूलरच्या खोलीत ठेवलेला फ्लेक्स आधी १०० ते ११० अंशांवर तासभर वाळवा. बॅटरी जोडलेल्या फ्लेक्सला मात्र हे अजिबात करायचं नाही.

बसवताना

पॅडवरचं जुनं सोल्डर विकने घ्या. इस्त्री ३२० ते ३३०, विकवर फ्लक्स, टेकवून दोन सेकंदांत उचलायचं. विक थंड होऊन चिकटली आणि ती ओढली की पॅड गेलं समजा. पॅड साफ झाले की सुरीचं टोक आणि ताज्या ६३/३७ने सगळ्या पॅडवर सारखा, अगदी पातळ उंचवटा येईल असा हात फिरवा. एक पॅड फुगलेलं राहिलं तर कनेक्टर त्याच्यावर झोके खातो.

कनेक्टरचे पायही तसेच साफ करा. फ्लक्सचा एकच पातळ पट्टा. कनेक्टर ठेवून मायक्रोस्कोपखाली दोन्ही रांगांचे पाय पॅडच्या मध्यावर आहेत का ते पाहा. नुसती एक बाजू पाहून भागत नाही. आता एका कोपऱ्याच्या खिळ्याला इस्त्रीने टाका द्या. पुन्हा पाहा. मग तिरक्या समोरच्या कोपऱ्याच्या. कोपरे पक्के झाले की बारीक टोकाने एकेक पाय बाहेरून टेकवा. पाय बाहेर ०.२-०.३ मिमीच दिसतो, पण पॅडवर आधी सोल्डर आहे, त्यामुळे टेकवणं पुरतं. नवी वायर घालू नका. इस्त्री जमत नसेल तर हॉट एअर ३२० ते ३३०, हवा कमी, आणि टाका चमकून कनेक्टर किंचित खाली बसला की लगेच बाजूला.

दोन पाय चिकटले तर घाबरून आणखी सोल्डर घालू नका. थोडा फ्लक्स लावा, इस्त्रीचं टोक ओल्या स्पंजवर पुसून कोरडं करा आणि पायापासून बाहेरच्या दिशेने ओढा. जास्तीचं सोल्डर टोकाबरोबर येतं.

सोल्डर पेस्टबद्दल एक मत. १३८ अंशांना वितळणारी बिस्मथची पेस्ट कमी उष्णतेमुळे मोहात पाडते, पण कनेक्टरला ती वापरू नये. तिचा टाका ठिसूळ असतो आणि कनेक्टर तर लावण्या-काढण्याचा दाब सहन करणारा भाग. चार वेळा फोल्डर काढलं की टाक्याला तडा जातो. शिवाय ती शिशाच्या सोल्डरमध्ये मिसळली तर कथील, शिसं आणि बिस्मथ यांचं जे मिश्रण तयार होतं त्याचा काही भाग ९६ अंशांच्या आसपासच मऊ पडतो. १८३ची पेस्ट घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर असतो, अशात बाहेर ठेवलेली पेस्ट आठवडाभरात घट्ट होऊन गोळे सोडते. फ्रिजमधून काढल्यावर लगेच झाकण उघडू नका, तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर ती हवेतलं पाणी ओढते आणि गरम केल्यावर तडतडते.

पॅड उपटलंच तर जंपर मारावा लागतो. वायरचं एनॅमल इस्त्रीच्या टोकावरच्या सोल्डरच्या थेंबात जाळा, पॅडकडे जाणारी रेषा १ मिमी उघडी करा, जोडा, वर यूव्ही मास्कचा थेंब टाकून दिव्याखाली सुकवा. मात्र ०.१ मिमीची वायर फक्त सिग्नलसाठी. तिचा रोध दर मीटर लांबीला २.१ ओहमच्या आसपास असतो. ५ सेंटिमीटर वायरमधून २ अँपिअर नेलं तर ०.२ व्होल्ट तिथेच पडतात आणि तेवढ्याशा तारेत सुमारे अर्धा वॅट उष्णता होते. मास्क काळा पडतो, मग वायर. व्हीबस आणि बॅटरीला ०.३ मिमीच्या दोन-तीन तारा एकत्र घ्या.

इथली हवा, इथली लाइट

कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. तो हॉट एअरची दिशा फिरवतो आणि बोअरच्या पाण्यातले क्षार तुषारांबरोबर बोर्डावर आणून बसवतो. ते पांढरे ठिपके पिनांमध्ये गळती करतात. अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्येही बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड घ्या. कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून मनगटाचा पट्टा बांधा आणि नायलॉनच्या शर्टाऐवजी सुती घाला.

हॉट एअरची मशीन ७०० वॉटच्या आसपास ओढते. घरचा लहान इन्व्हर्टर तिच्यावर कुरकुरतो किंवा ट्रिप होतो. इस्त्री मात्र आरामात चालते. काम चालू असताना लाइट गेली तर मशीनला स्वतःला थंड करायला हवा मिळत नाही, म्हणून हँडल लगेच नोझल वर करून मोकळ्या हवेत उभं ठेवा. कापडावर किंवा होल्डरच्या खोबणीत नको.

तपासणी आणि एकेका भागाची गोष्ट

जोडल्यावर आधी मीटर. शेजारच्या प्रत्येक दोन पिनांमध्ये बीप येतो का ते पाहा, आणि येत असेल तर ती जोडी मुळातच जोडलेली होती का हे आपल्या नकाशावर तपासा. मग डीसी सप्लायवर ५० ते १०० मिलिअँपिअरची मर्यादा लावून वीज द्या. सप्लाय मर्यादेला जाऊन चिकटला तर शॉर्ट आहे. बोट लावून गरम जागा शोधण्याआधी बंद करा.

रिंगर मीटरवर ८ ओहमच्या आसपास दाखवतो, कानाजवळचा इअर स्पीकर बहुधा त्याहून जास्त, ३२पर्यंत. रिंगर त्याच्या प्लास्टिकच्या डबीसकट काढा. मागची बंद हवा नसेल तर तो नुसता चिरका वाजतो. पीएएम८४०३ सारख्या छोट्या अँप्लिफायरवर ५ व्होल्टला छान चालतो, फक्त आवाज निम्म्याच्या वर नेऊ नका. अँप रिंगरच्या ताकदीपेक्षा जास्त देतो. या अँपच्या स्पीकरची कोणतीही तार ग्राउंडला जोडायची नसते, जोडली की अँप जातो. रात्रीच्या पाळीची लाइट कधी येते हे झोपेतून उठून पाहणाऱ्यांनी जुना चार्जर, एक बझर सर्किट आणि असा रिंगर एकत्र केला तर लाइट येताच आवाज होतो. एवढ्यासाठी बाजारातलं काही लागत नाही.

व्हायब्रेटर दोन प्रकारचा. वजन फिरवणाऱ्या मोटारीला १.५ ते ३ व्होल्ट दिले की ती फिरत राहते. दुसरा, नव्या फोनमधला, डीसी दिल्यावर एकदाच टिक करतो आणि गप्प बसतो. तो खराब नाही. त्याला ठरावीक कंपनसंख्येची, दोनशे हर्ट्‌झच्या आगेमागे, एसी लागते. मोटार मायक्रोकंट्रोलरच्या पिनला थेट लावू नका. मध्ये २एन२२२२ सारखा ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहम आणि मोटारीला उलटा डायोड.

फ्लॅशच्या एलईडीवर ३ व्होल्टच्या आसपास पडतात. ५ व्होल्टला १०० ओहम लावला की २० मिलिअँपिअर, तेवढ्यात डोळे दिपतात. माइकला छिद्र असेल तर ते काम संपेपर्यंत टेपने बंद ठेवा. त्यात हॉट एअर, आयपीए किंवा फ्लक्स गेला की आतला पडदा फाटतो किंवा चिकटतो.

बॅटरीला मात्र वेगळा नियम. सेलवर किंवा त्याच्या पट्ट्यांवर कधीही इस्त्री टेकवायची नाही. फ्लेक्स कात्रीने कापायचा नाही. कात्रीचं पातं प्लस आणि मायनसला एकाच वेळी जोडतं आणि ठिणगी हातात उडते. बॅटरीचा कनेक्टर तसाच ठेवा, डेड बोर्डावरचा त्याचा जोडीदार काढून ब्रेकआउटवर बसवा, त्या जोडीदाराला वायरी जोडा आणि सगळं झाल्यावर शेवटी बॅटरी टक करून लावा. प्लस-मायनस आधी मीटरने पाहा. उरलेल्या बारीक पिना तापमानाच्या आणि ओळखीच्या असतात, त्या मोकळ्या ठेवा. फुगलेली, वास येणारी, टोचलेली किंवा २.५ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी जिवंत करायचा प्रयत्न करू नका. चार्जिंगला टीपी४०५६ चालतो. तो ४.२ व्होल्टला थांबतो, त्यामुळे ४.४ ची बॅटरी थोडी रिकामी राहते, आणि ते चांगलंच आहे. मात्र पत्र्याच्या शेडमध्ये मेच्या दुपारी चार्जिंग लावू नका. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते आणि पत्र्याखाली तो आकडा सहज ओलांडला जातो.

उरलेले बोर्ड जाळून तांबं काढणारे लोक गावोगाव आहेत. त्या धुरात काय काय असतं ते सांगत बसत नाही. २०२२चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यानुसार हे भंगार नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं. फुगलेल्या बॅटऱ्या त्यात टाकू नका, त्यांच्या टोकांना टेप लावून कोरड्या वाळूच्या डब्यात वेगळ्या ठेवा आणि बॅटरी घेणाऱ्याकडेच द्या.

काढलेले कनेक्टर जोडीने ठेवा, टक करून एकमेकांत बसवलेले. म्हणजे धूळ आत जात नाही आणि पिनाही वाकत नाहीत. जाड कागदावर दुहेरी टेप लावून त्यावर ते चिकटवा आणि शेजारी लिहा : मॉडेल, फोल्डर की बॅटरी की सबबोर्ड, पिना ३० अधिक ४, पिच ०.४, जोडल्यावरची उंची ०.७, आणि एक नंबरची पिन कोणत्या कोपऱ्यात.